रात्रीचा फोन कोणाकडे?

चि. सायली,

रविवारी फोनवर मी आवाज चढवला. नंतर आजीने मलाच ऐकवलं. फुल-स्टॅक, म्हणजे ॲपचं पुढचं-मागचं सगळं काम, सोडून तू फक्त पोस्टग्रेस हा एकच डेटाबेस धरतेयस, याला माझा विरोध नाही. विचारायचं होतं ते एवढंच, की रात्री डेटाबेस अडला तर येणारा फोन कोणाकडे असणार?

एकाच तंत्रावर विसंबू नये म्हणून मी ॲडोबी कंपनीच्या फ्लॅशचं उदाहरण दिलं, ३१ डिसेंबर २०२० ला ते बंद झालं; ते तुला आवडलं नाही. बरं. पोस्टग्रेस कुठल्या एका कंपनीच्या मालकीचं नाही, तेव्हा तो मुद्दा तुझा.

पण फुल-स्टॅकची चार वर्षं वाया गेली म्हणालीस, ते चूक. ॲपचे १० सर्व्हर, प्रत्येकाच्या पूलमध्ये डेटाबेसशी उघडी ठेवलेली २० कनेक्शन, म्हणजे २००. आणि मॅक्स कनेक्शन्स, म्हणजे पोस्टग्रेस एका वेळी घेतं त्याची मर्यादा, मुळात १००. खापर डेटाबेसवर फुटतं, चूक ॲपच्या कॉन्फिगमध्ये. ऑटोव्हॅक्यूम म्हणजे बदललेल्या-पुसलेल्या ओळींच्या जुन्या, मेलेल्या प्रतींची आपोआप साफसफाई; टेबलाचा किती हिस्सा मेला की ती सुरू व्हावी, तो स्केल फॅक्टर ०.२ तसाच ठेवला, तर १० कोटी ओळींच्या टेबलात सुमारे २ कोटी मेलेल्या ओळी साचेपर्यंत ते हलतच नाही. मोठ्या टेबलापुरता तो ०.०१ कर. तरी टेबल फुगतंय? मग पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीत, म्हणजे चालू कनेक्शनांच्या यादीत, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' शोध. कुणाचा तरी कोड एक अपडेट करून, कमिट न करता, म्हणजे बदल पक्का न करता, बाहेरच्या सेवेच्या (एपीआयच्या) उत्तराची वाट बघत बसलेला असतो, आणि तोवर साफसफाई अडते. असला कोड तू लिहिलायस आणि निस्तरलायसही. नुसत्या डीबीएला, फक्त डेटाबेस सांभाळणाऱ्याला, तो सापडायला दिवस जातो.

झालं, पुन्हा शिकवायला लागले. माफ कर.

जाणकार एकच असला की प्रत्येक रखडलेली क्वेरी त्याच्याच गळ्यात पडते. म्हणून नव्या नोकरीच्या कागदावर सही करण्याआधी त्यांना विचार: ऑन-कॉलला, म्हणजे रात्रीच्या फोनला, किती जण? दोघंच असतील तर महिन्यातले पंधरा दिवस फोन उशाशी. बॅकअप शेवटचा रिस्टोर करून कधी पाहिला? "बॅकअप रोज होतो" हे त्याचं उत्तर नव्हे. रनबुक, म्हणजे बिघाड झाला की काय करायचं ते, लिहिलेलं आहे, की आधीच्या माणसाबरोबर गेलं?

सातवीत गटाचा प्रकल्प तू एकटीने रात्रभर चिकटवत बसली होतीस, अंगात ताप असताना. बक्षीस मिळालं, आणि मी शेजारीपाजारी मिरवलंही. तेव्हाच बोलायला हवं होतं.

दादाची रजई बंगळुरूच्या पत्त्यावर पाठवली आहे. रोटेशनचा, म्हणजे फोनच्या पाळ्यांचा, तक्ता हाती आला की फोटो पाठव. रात्री किती जण ते बघते, बाकी काही बोलणार नाही.

तुझी,
आई