हाताबद्दल लिहिणार नव्हते

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी मधेच फोन ठेवला, ते चुकलंच. पण तूही डावा हात सगळा वेळ टेबलाखाली धरून बसला होतास. पाणी प्यायला उठलास तेव्हा पट्टी दिसली. "काही नाही गं, क्रुसिबल, भट्टीत ठेवायची मूस, जरासं लागलं." अकराशे अंशांवर चढवलेली भट्टी नीट निवायच्या आत उघडली तर ते जरासं कसं लागतं, सांग ना. बाबा एक अक्षर बोलले नाहीत, उठून गॅलरीत गेले. ते का गेले हे तुला मी सांगायला नको.

असो. हे पत्र हाताबद्दल नाही.

"कागद-पेन्सिल सोडून ही भट्टी कुठून काढलीस?" असं मी म्हणाले ते तुला लागलं. मला वाटतं, मला तुझं आधीचं काम कळायचं, म्हणून मी म्हणाले. कळायचं म्हणजे काय, तो पत्त्यांचा खेळ आठवतो ना? प्रत्येक पानावर आठ चित्रं आणि कुठलीही दोन पानं उचलली तरी एक आणि एकच चित्र दोन्हींवर. सहावीत होतास. पानांना रेषा मानलंस, चित्रांना बिंदू, आणि जाहीर केलंस की पानं 57 हवीत, आपल्याकडे 55 आहेत. मी अख्खा सोफा ओढला, कपाटाखाली झाडू घातला, बाबांवर ओरडले. केसांत जळमटं घेऊन उभी होते, तर तू म्हणालास, "अगं, डब्यावरच 55 लिहिलंय, पण अजून दोन मावतात." मग कुठलं चित्र किती पानांवर आहे ते मोजत बसलास. एकच चित्र फक्त सहा पानांवर निघालं, बाकीची सात किंवा आठ. म्हणजे ते चित्र दोन्ही नसलेल्या पानांवर. अशी एकेक ओळखून दोन्ही पानं पुठ्ठ्यावर काढलीस. अजून त्या डब्यात आहेत. डाव्या हातानं रंगवलेली, म्हणून कडेला फासलेली.

बघ, आलाच हात.

तुझ्या त्या आधीच्या विषयात, बिंदू-रेषांच्या गणितात, मला एक गोष्ट फार आवडायची. नसलेलं नाही असं ठामपणे सांगता येतं. 111 बिंदू, 111 रेषा, प्रत्येक रेषेवर 11 बिंदू आणि कुठल्याही दोन रेषांवर एक आणि एकच सामाईक बिंदू, अशी रचना असू शकते का म्हणून लोक किती वर्षं झुरले. 1989 मध्ये क्लेमेंट लॅम आणि सहकाऱ्यांनी महासंगणकाकडून हजारो तास शोध करवून घेतला, आणि उत्तर आलं, नाही. संपलं. माणूस घरी जाऊन झोपू शकतो. आणि आपले गणितज्ञ शरदचंद्र श्रीखंडे सर! बोस आणि पार्कर या गणितज्ञांबरोबर 1959 मध्ये त्यांनी लॅटिन चौरसांच्या जोड्यांबद्दलचा ऑयलरचा पावणेदोनशे वर्षांचा अंदाज मोडला आणि 102 वर्षांचे होऊन गेले. कागदाचं काम, दुसरं काय.

तुझ्या आताच्या कामात "नाही" कधी येत नाही, हीच माझी खरी तक्रार आहे. शिसं नसलेलं पायझोइलेक्ट्रिक, म्हणजे दाबलं की वीज देणारं सिरॅमिक, हवं. पोटॅशियम-सोडियम नायोबेटचा कच्चा माल वजन करायचा, कुटायचा, भुकटीची टिकली दाबायची, भाजायची. त्यातलं कार्बोनेट ओल धरतं, म्हणून वजन चुकतं. भट्टीत पोटॅशियम, सोडियम उडून जातं, म्हणून प्रमाण चुकतं. टिकली वाया गेली म्हणजे पदार्थच वाईट असंही नाही. कदाचित वीस अंश कमी पडले, कदाचित दोन तास. मग अजून एक टिकली. मग रात्रीचे दोन. मग कोण थांबतंय भट्टी निवायची!

हातमोजे घालत जा. चिमटा जुना असेल तर नवा माग, लाजू नको. रात्री एकट्यानं भट्टी उघडायची नाही, कुणीतरी सोबत हवंच. आणि झोप... जाऊ दे. सव्वीस वर्षांच्या माणसाला आई झोपेबद्दल व्याख्यान देते आहे. माफ कर.

काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. तूच सांगितलंस की सोनोग्राफीच्या यंत्राचं जे टोक पोटावर फिरवतात, त्यात बहुतेक वेळा तू ज्याला पर्याय शोधतोयस तेच शिशाचं सिरॅमिक असतं, वजनानं साठ टक्क्यांहून जास्त शिसं. वीज दिली की थरथरतं, परत आलेल्या आवाजानं दाबलं की वीज देतं. म्हणजे तुझा पहिला फोटो त्यानंच काढला. त्यातही तुझी मूठ तोंडाशी होती, कुठली ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, डावी.

तो फोटो आणि पुठ्ठ्याची पानं परवा आत्याला दाखवली. तुझा पहिला शोधनिबंधही दाखवला. तिनं तुझं नाव दोनदा वाचलं, मला तीनदा वाचावंसं वाटलं. ते बदललेलं आडनावाचं स्पेलिंग तेवढं बाबांना अजून पटलेलं नाही. त्यांचा तो विषय तू काढू नकोस.

बाबा कालपासून विचारताहेत की मलम कुठलं लावलंय. स्वतः फोन करणार नाहीत. मीही हाताबद्दल विचारणार नाही. फक्त पट्टी काढून एक फोटो पाठव, तळव्याचा आणि मागचा, दिवसाच्या उजेडात.

तुझी,
आई