वॉशिंग्टन तरुण, चित्र म्हातारपणीचे

मा. संपादक,
स. न.
रविवार पुरवणीतील जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यावरील लेख चांगला आहे, पण सोबतचे चित्र चुकले. मजकुरात १७५५ सालचा २३ वर्षांचा कर्नल आहे आणि चित्रात ६४ वर्षांचे अध्यक्ष. हे चित्र गिल्बर्ट स्ट्युअर्टने १७९६ मध्ये काढले. ते त्याने मुद्दाम अपुरे ठेवले आणि त्यावरून नकला करून शंभर-शंभर डॉलरला विकल्या.

आपल्या पानावर ते उलटेही छापले गेले आहे. मूळ चित्रात चेहरा पाहणाऱ्याच्या डावीकडे वळलेला आहे. याच चित्रावरून घेतलेल्या एक डॉलरच्या नोटेवरील चित्रात तो उजवीकडे दिसतो, म्हणून घोटाळा होतो. शिवाय चेहरा मजकुराकडे वळावा म्हणून पान लावताना चित्र सर्रास उलटवतात. सैनिकी चित्रात ही चूक लगेच पकडता येते: डाव्या कमरेची तलवार उजवीकडे जाते.

त्या चित्रातले घट्ट मिटलेले ओठ आणि फुगीर जबडा ही करारी स्वभावाची खूण नव्हे, ती कवळीची करामत. १७८९ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा त्यांचा स्वतःचा एकच दात उरला होता. कवळीचे वरचे-खालचे भाग स्प्रिंगने जोडलेले असत, त्यामुळे तोंड मिटून ठेवायलाच जोर लागे. कवळीत हस्तिदंत, माणसांचे दात आणि धातू होता; लाकडी दात ही दंतकथाच. लेखात ज्याला ‘विग’ म्हटले आहे तेही त्यांचे स्वतःचेच केस, पावडर लावून मागे बांधलेले.

मग लेखाला कोणते चित्र लावायचे? १७५५ चे खात्रीचे चित्र उपलब्धच नाही. सर्वांत जुने चित्रकार चार्ल्स विल्सन पीलचे, १७७२ चे. अंगावर व्हर्जिनिया रेजिमेंटचा जुना गणवेश असला तरी वय तेव्हा ४० होते. ते वापरावे, पण खाली साल हवेच. नुसता गणवेश पाहून चित्राचा काळ ठरवला की फसगत होते. खरी चेहरेपट्टी हवी असेल, तर फ्रेंच शिल्पकार उदोंच्या शिल्पाचे छायाचित्र घ्यावे. ऑक्टोबर १७८५ मध्ये माउंट व्हर्नन या वॉशिंग्टन यांच्या घरी त्याने त्यांच्या चेहऱ्यावर प्लास्टर लावून साचा घेतला होता. त्यावेळी श्वासासाठी नाकपुड्यांत पिसांच्या नळ्या घातल्या होत्या. त्यावरून घडवलेला संगमरवरी पुतळा व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंडच्या विधानभवनात आहे.

पुढच्या रविवारी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा भाग येणार आहे, म्हणून आधीच कळवतो. चित्रकार लॉइट्झचे, वॉशिंग्टन डेलावेअर नदी ओलांडत असल्याचे चित्र कितीही देखणे असले तरी १८५१ चे आहे, तेही जर्मनीत रंगवलेले. प्रसंग डिसेंबर १७७६ चा आणि होडीत फडकणारा तारे-पट्ट्यांचा ध्वज स्वीकारला गेला जून १७७७ मध्ये. त्यापेक्षा पीलचे १७७९ चे, प्रिन्स्टनच्या लढाईचे चित्र घ्यावे. तोफेवर हात टेकून उभे असलेले सेनापती आणि छातीवर सरसेनापतीची निळी फीत. ते युद्ध चालू असतानाच काढलेले आहे.

— एक वाचक, पुणे