शांतता आहे, डॉक्टर हवा

मा. संपादक,

मे महिन्यात मुंबईचे पाहुणे सावंतवाडीत उतरले की मोती तलावाच्या काठावर बसून हमखास म्हणतात, ''काय नशीबवान हो तुम्ही!'' आहोतच. संध्याकाळी तलावाला फेरी मारताना दर दहा पावलांवर कोणीतरी ''काय गुरुजी, खंय चललात?'' म्हणून थांबवतं. चितारआळीत सुटे पैसे नसले तर दुकानदार ''उद्या द्या'' म्हणतो. भाजीवालीला माझी शुगर ठाऊक. ती बटाटे मोजूनच घालते. (सौ.नेच तिला पढवलंय, असा माझा संशय आहे.)

पण रात्री अकराला छातीत कळ आली की हीच शांतता अंगावर येते. गंभीर रुग्णाला गाडीत घालून थेट गोव्यात बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठायचं, म्हणजे साठेक किलोमीटर. शेजारचे चौघे उठून येतात, गाडी काढतात, हे खरं. पण त्यांनी डॉक्टरचं काम कसं करावं? आमच्या आळीतली निम्मी घरं फक्त गणपतीत उघडतात, उरलेल्यांत माझ्यासारखे पेन्शनर. पर्यटकांसाठी तलावाकाठी रोषणाई जरूर करा, पण त्याआधी इथे चोवीस तास हृदयरोगतज्ज्ञ आणि सुसज्ज रुग्णवाहिका द्या.

– एक निवृत्त शिक्षक, सावंतवाडी