साइट बंद ठेवाल, तर मजुरीचं काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घोडबंदर पट्ट्यातली धूळ, डंपर आणि टँकरचं पाणी यांबद्दल आपल्या दैनिकात गेले काही दिवस वाचकांची पत्रं येत आहेत. त्यांतली बरीचशी पत्रं शेवटी एकाच मागणीवर येतात : ठाण्यातली बांधकामं काही महिने सरसकट बंद ठेवा. मी कासारवडवलीला हार्डवेअरचं दुकान चालवतो, 22 वर्षं झाली. बांधकाम चाललं तर माझा गल्ला भरतो, तेव्हा यात माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगतो. धूळही मी रोज खातो. सकाळी पुसलेल्या काउंटरवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. तरीही या मागणीला माझा विरोध आहे आणि तो का, ते सविस्तर लिहितो.

एक इमारत किती हातांना काम देते, हे माझ्या उधारीच्या वहीत दिसतं. कोणती इमारत कुठवर आली, ते बघायला मला साइटवर जावं लागत नाही. खोदाई चालू असते तेव्हा पहारी, घमेली आणि गमबूट जातात. मग बाइंडिंग वायर, खिळे आणि कव्हर ब्लॉक पोत्यांनी जाऊ लागले की समजायचं, सेंट्रिंगवाले म्हणजे स्लॅबचा साचा ठोकणारे आणि सळई बांधणारे आले. ओळंबे आणि लाइनदोरी मागायला लागले की ब्लॉकचं काम सुरू. थाप्या, रंधे आणि कॉलमच्या सांध्यावर मारायची जाळी खपली की गिलावा. मग प्लंबर, वायरमन, फरशीवाले आणि सगळ्यांत शेवटी पॉलिश पेपर नि पुट्टीच्या पट्ट्या घेऊन जाणारे रंगारी. प्रत्येक टप्प्याला माणसं वेगळी, त्यांचे मुकादम वेगळे, गावं वेगळी. ताबा मिळाला की घरमालक स्वतः येतात, पडद्याचा रॉड, खिडकीची जाळी, दाराची बेल घ्यायला. त्यांच्या मागोमाग सुतार, ग्रिलवाला, पुढे वॉचमन, घरकामाच्या मावशी, दूध टाकणारा मुलगा. ही माणसं तर त्या इमारतीत वर्षानुवर्षं कमावतात.

माल कुठून येतो तेही पाहा. सळई जालन्याच्या कारखान्यांतून, फरशी मोरबीहून, विटा भिवंडी-वाडा-शहापूरकडच्या भट्ट्यांवरून. त्या भट्ट्यांवर राबणारी कातकरी कुटुंबं ठाणे-पालघरकडचीच. जालन्याहून सळई येते तसे माझ्याकडे थापी घ्यायला येणारे कितीतरी गवंडीही जालना-परभणीचेच. शेतात काही पिकलं नाही की माणूस रोजंदारीच्या कामासाठी मजूर नाक्यावर येऊन उभा राहतो. सरकारच्या 2023-24 च्या रोजगार पाहणीत देशातल्या दर 100 काम करणाऱ्यांपैकी साधारण 12 जण बांधकामावर होते. त्यांतल्या बहुतेकांकडे शिक्षणाचा कागद नाही, ओळख नाही. शेती सोडली तर अंगमेहनतीवर दुसऱ्या दिवसापासून रोजी देणारं इतकं मोठं दुसरं क्षेत्र मला तरी दिसत नाही.

हे सगळं थांबलं की काय होतं, ते 2020 च्या मे महिन्यात आपण पाहिलं आहे. टाळेबंदीत गावी परतणाऱ्या मजुरांची, माजिवड्यामार्गे नाशिक महामार्गाकडे निघालेली ती रांग मी दुकानाचं शटर अर्धं वर करून पाहिली होती. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. पुढे साइट सुरू करायला परवानगी मिळाली, तेव्हा माझ्याकडे सिमेंट होतं, सळई होती, पण काम करायला माणूस नव्हता. मग सरकारने मुद्रांक शुल्कात डिसेंबर 2020 अखेरपर्यंत 3 टक्के आणि पुढे मार्च 2021 पर्यंत 2 टक्के सवलत दिली. लोकांनी नोंदणी कार्यालयांत रांगा लावल्या, अडकलेले फ्लॅट विकले गेले, बिल्डरच्या हातात पैसा आला. तिथून तो ठेकेदाराकडे आणि ठेकेदाराकडून माझ्या वहीतली जुनी बाकी भरायला आला. पैसा या साखळीतून कसा खाली उतरतो, ते तेव्हा मला नीट समजलं. तो उतरायचा थांबला की सगळ्यांत आधी शेवटच्या माणसाचा थांबतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातली एक मोठी साइट धुळीचे नियम न पाळल्याबद्दल तीन आठवडे बंद होती. कारवाई योग्यच होती. इमारतीभोवतीचं हिरवं कापड फाटलेलं, डंपरवर ताडपत्री नाही, चाकं धुवायची सोय नाही. पण त्या तीन आठवड्यांत दंड खरा कुणी भरला? माझ्या ओळखीचे एक मिस्त्री, पन्नाशीचे, आठव्या दिवशी दुकानात आले. महिन्यापूर्वी माझ्याकडून घेतलेली लेव्हल, म्हणजे बांधकाम समपातळीत आहे का ते बघायची पट्टी, त्यांनी काउंटरवर ठेवली. पुसून चकचकीत केली होती. ‘‘शेठ, ही परत घेता का? जे द्याल ते द्या.’’ गवंडी घरातलं भांडं गहाण टाकेल, पण लेव्हल विकत नाही, तिच्यावर त्याची रोजी असते. मी म्हटलं, ‘‘मिस्त्री, पैसे घेऊन जा, लेव्हल राहू द्या तुमच्याकडे.’’ त्यांना ते पटलं नाही. लेव्हल ठेवूनच गेले. साइट पुन्हा सुरू झाली त्या दिवशी सकाळी सात वाजता ती न्यायला दारात उभे होते.

म्हणून माझं म्हणणं असं की, बंदी घाला, पण बंदीच्या काळातली मजुरी कोण देणार ते त्याच आदेशात लिहा. दिल्लीत हे झालेलं आहे. हिवाळ्यात हवा बिघडली की तिथे बांधकामं बंद करतात आणि सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर कामगारांच्या कल्याण निधीतून त्यांना निर्वाह भत्ता द्यावा लागला. 2024 मध्ये दिल्लीत नोंदणी झालेल्या कामगारांना 8 हजार रुपये मिळाले. पुरेसे नाहीत, पण मिस्त्रींची लेव्हल घरात राहिली असती एवढे नक्कीच आहेत.

आणि पैसा आपल्याकडेही आहे. 1996 च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर आला. 50 लाखांच्या बांधकामावर 50 हजार. तो महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. आपण फ्लॅटची जी किंमत मोजतो त्यात तो धरलेलाच असतो. म्हणजे ठाण्यात नवं घर घेतलेल्या माझ्यासारख्या कुटुंबांनी या कामगारांसाठी आपला वाटा आधीच दिलेला आहे. तो त्यांच्यापर्यंत पोचतो का, हे विचारण्याचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे.

घोडं अडतं ते नोंदणीवर. मंडळाकडे नाव लागायचं तर मागच्या वर्षभरात किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र हवं. नाक्यावरचा माणूस आज या ठेकेदाराकडे, परवा दुसऱ्याकडे. 90 दिवसांची सही करायची कुणी? ठेकेदार म्हणतो, माझ्याकडे तू अकराच दिवस होतास. काहीजण तर सही केली की आपल्यावर जबाबदारी येईल म्हणून टाळतात. पालिकेच्या अधिकाऱ्याकडूनही दाखला मिळू शकतो, पण त्यासाठी चकरा मारायच्या म्हणजे दोन-तीन दिवसांची रोजी बुडवायची. ज्याला खरी गरज आहे तोच यादीबाहेर राहतो. दुसरीकडे ज्यांनी कधी घमेलं उचललेलं नाही, त्यांची नावं यादीत घुसल्याच्या तक्रारीही आपण वाचतो.

2023 च्या सप्टेंबरात बाळकुमला बांधकाम चालू असलेल्या उंच इमारतीची लिफ्ट कोसळून 7 कामगार गेले. नोंदणी झालेला कामगार कामावर मृत्यू पावला तर मंडळाकडून वारसाला 5 लाख रुपये मिळतात. नोंदणी नसेल तर विधवा पत्नीने कुठल्या कार्यालयात काय मागायचं? तेव्हापासून माझ्या डोक्यातून हा प्रश्न जात नाही. हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट मी विकतो, आणि कुठल्या साइटवरून ते मागवले जातात आणि कुठून कधीच नाही, तेही मला माहीत आहे.

पाण्याबद्दल तक्रार करणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत आहे. पाणी नसेल तर नवीन टॉवरला परवानगीच देऊ नये. पण ते आधी ठरवायचं. पाया भरून, दहा स्लॅब टाकून, लोकांचे हप्ते सुरू झाल्यावर काम थांबवलं, की घर घेणारा भाडं आणि बँकेचा हप्ता दोन्ही भरत बसतो आणि वर गंजलेल्या सळया आभाळाकडे तोंड करून उभ्या राहतात. अशा एका अर्धवट इमारतीच्या ठेकेदाराकडे माझे तीन लाख अडकले आहेत. मी ते सोसेन. त्याच्याच एका सेंट्रिंगवाल्याची दोन महिन्यांची मजुरी बुडाली, त्याने मुलीला शाळेतून काढून गावी पाठवलं.

ठाणे महापालिकेला आणि कामगार खात्याला आपल्या दैनिकामार्फत एवढीच विनंती आहे. धुळीसाठी साइट बंद करायचीच असेल तर बंदीच्या आदेशासोबत तिथल्या कामगारांची यादी त्याच दिवशी करा, मंडळाचा भत्ता त्या यादीवर द्या आणि तोच कागद त्यांच्या 90 दिवसांच्या दाखल्यात धरा. नोंदणीसाठी आठवड्यातून एक दिवस नाक्यावर माणूस पाठवा. सकाळी नऊनंतर यावं. तोवर ज्यांना काम मिळतं ते गेलेले असतात आणि जे उरतात त्यांना त्या दिवशी काम नसतं, त्यांच्याशी सावकाश बोलता येईल. टेबल, खुर्च्या आणि झेरॉक्सची सोय माझ्या दुकानासमोर मी करून देईन. त्याचे पैसे नकोत.

आपला नम्र,
एक हार्डवेअर दुकानदार
कासारवडवली, ठाणे (पश्चिम)