चि. मुग्धास, स्टीलच्या घड्याळांविषयी

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला घड्याळाच्या परीक्षणाचा लेख दोनदा वाचला. भाषा नेटकी आहे आणि वर्णन अचूक आहे. परंतु घड्याळ चार दिवस मनगटावर असताना तुला जे दिसले, तेवढेच त्यात आले आहे. स्टेनलेस स्टीलच्या महागड्या घड्याळाची परीक्षा खरी सुरू होते ती त्यावर ओरखडे उठू लागल्यानंतर. अशी घड्याळे मी बरीच वर्षे रोज वापरत आलो आहे, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

किमतीचा प्रश्न आधी घेतो, कारण वाचक तोच प्रथम विचारतो: स्टील हा तर स्वस्त धातू, मग पैसे कशाचे? १९७२ साली ऑडेमार्स पिगे या स्विस कंपनीने रॉयल ओक बाजारात आणले. जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेले, अष्टकोनी बेझलचे (काचेभोवतीच्या कड्याचे) आणि ३९ मिलिमीटर व्यासाचे ते घड्याळ स्टीलचे असूनही सोन्याच्या कित्येक घड्याळांहून महाग होते. १९७६ मध्ये त्यांनीच रेखाटलेले नॉटिलस हे घड्याळ पाटेक फिलिप या कंपनीने आणले आणि ही कल्पना रुळली. पैसे धातूचे नव्हते, त्यावरच्या कामाचे होते. एक पृष्ठभाग बारीक समांतर रेघांचा, त्याला लागून असलेली तिरपी कड आरशासारखी, आणि दोन्ही जिथे भेटतात ती रेषा कुठेही न गोलावलेली; कठीण धातूवर ही रेषा राखण्यासाठी माणसाचे कसब आणि वेळ लागतो. रॉयल ओकच्या बेझलवरच्या आठ स्क्रूंच्या खाचा एका वर्तुळात नेमक्या जुळलेल्या दिसतात, त्यालाही कारण आहे: त्यांची डोकी षटकोनी असून षटकोनी खळग्यांत बसतात, म्हणून ती फिरत नाहीत आणि आवळणी मागच्या बाजूने होते. (स्टीलच्या घड्याळातले हे स्क्रू पांढऱ्या सोन्याचे असतात, ही त्यातली गंमत.) तुझ्या लेखात तबकडीवर तीन परिच्छेद आहेत आणि कडांवर एक वाक्यही नाही. पुढच्या वेळी भिंग घेऊन कडांपासून सुरुवात कर.

धातूच्या प्रतीविषयी मात्र तू गरजेपेक्षा जास्त लिहिले आहेस. बहुतेक कंपन्या ३१६एल या प्रतीचे स्टील वापरतात आणि रोलेक्स ९०४एल वापरते. दुसऱ्यात क्रोमियम आणि निकेल अधिक असल्यामुळे ते गंजाला अधिक दाद देत नाही, हे खरे आहे. पण ओरखडे दोन्हींवर सारखेच उठतात, आणि घाम, साबण व पाणी एवढ्याच गोष्टींशी संबंध येणाऱ्या मनगटावर मला तरी कधी फरक जाणवला नाही. दोन्हींत निकेल असते एवढे मात्र अवश्य लिही, कारण काहींच्या त्वचेला ते सोसत नाही.

आता ओरखड्यांविषयी, कारण तिथेच घड्याळांचे स्वभाव कळतात. पहिले ओरखडे तबकडीजवळ उठत नाहीत; ते साखळीच्या टेबलावर टेकणाऱ्या खटक्यावर उठतात. साखळीच्या मधल्या कड्या चकचकीत असतील, तर त्यांवर बारीक रेघांचे जाळे लवकर पसरते. रेघांच्या पृष्ठभागावर त्याच दिशेचा ओरखडा मिसळून जातो, आडवा मात्र कायम डोळ्यांत खुपतो. काच नीलमणी स्फटिकाची असते, तिचा कठीणपणा मोह्स मापावर ९ आहे. त्यामुळे काही वर्षांनी काच नवी आणि भोवतालची चौकट जुनी, असे विचित्र दृश्य दिसते. मला ते आवडते. ज्यांना आवडत नाही ते प्रत्येक सर्व्हिसिंगला पॉलिश करून घेतात, आणि दर पॉलिशला थोडा धातू जाऊन ज्या कडांसाठी पैसे मोजले त्याच कडा गोल होत जातात. एखादे घड्याळ जपून पॉलिश करण्याजोगे आहे की नाही, हे सांगणारे परीक्षण मी क्वचितच वाचले आहे. तुला ती संधी आहे.

साखळीबद्दल तू फक्त 'आरामदायी' असे लिहिलेस. उन्हाने किंवा चालण्याने मनगट फुगते, आणि सकाळी नेमकी बसलेली साखळी दुपारी काचते. रोलेक्सच्या सबमरीनर या घड्याळाचा खटका हत्याराशिवाय दोन-दोन मिलिमीटरनी, एकूण सुमारे २० मिलिमीटर सैल करता येतो. केसशी, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या पेटीशी, एकसंध असलेल्या कित्येक देखण्या साखळ्यांत ही सोय नसते. साखळीसकट दीडशे ग्रॅमचे घड्याळ दिवसभर वागवणाऱ्याला यंत्राच्या नक्षीपेक्षा ही गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. केसचा व्यास सर्वजण देतात. तू वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंतची (साखळी जिथे जोडतात त्या टोकांमधली) लांबी दे, कारण बारीक मनगटावर घड्याळ बसेल की बाहेर डोकावेल, हे तीच ठरवते.

वेळेच्या अचूकतेविषयी थोडक्यात सांगतो. क्रोनोमीटरचे, म्हणजे अचूक वेळ दाखवणाऱ्या घड्याळाचे, स्विस प्रमाणपत्र देणारी संस्था, सीओएससी, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत १५ दिवस चाचणी घेते, आणि दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट देते. ही चाचणी यंत्राची असते, तुझ्या दिनक्रमाची नव्हे. घड्याळ एकाएकी पुष्कळ पुढे पळू लागले, तर बिघाडाआधी चुंबकाचा संशय घे. फोनचा स्पीकर किंवा पर्सचे चुंबकी बटण तेवढ्याला पुरते. तू रोज एकाच वेळी नोंद ठेव आणि रात्री घड्याळ कोणत्या बाजूवर ठेवलेस तेही लिही, म्हणजे आकड्याला अर्थ येईल.

घड्याळ पाण्याला किती तोंड देते, ते सांगणारे मीटरचे आकडे जसेच्या तसे उतरवू नकोस. ३० मीटर लिहिलेले घड्याळ पोहण्यासाठी नसते, आणि रबरी वायसर कालांतराने कडक होतात, म्हणून वापरलेल्या घड्याळाचा जुना आकडा चाचणीशिवाय ग्राह्य धरू नये.

ते घड्याळ कंपनीने चार दिवसांसाठी दिले होते, हे तू शेवटच्या ओळीत लिहिले आहेस. ते पहिल्या परिच्छेदात घे, आणि 'टिकाऊ' हा शब्द काढून टाक. चार दिवसांत तो कोणालाच लिहिता येणार नाही. सुधारलेला मसुदा पाठव, मी भिंग काढून ठेवले आहे.

तुझा,
बाबा