आधी उलटायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नातवाच्या शाळेतून परवा सहलीचं पत्रक आलं. ठिकाण, वेळ, डबा, पाण्याची बाटली आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'सहलीच्या ठिकाणी नदी, तलाव वा नौकाविहार नाही.' पूर्वी 'नौकाविहार' हा शब्द सहलीच्या पत्रकात आमिष म्हणून असायचा. आता तो नाही, हे पालकांना दिलासा म्हणून कळवावं लागतं.

शाळेला दोष देत नाही. 18 जानेवारी 2024 ला बडोद्यातल्या हरणीच्या तलावात होडी उलटून सहलीला आलेली 12 मुलं आणि 2 शिक्षिका बुडून गेल्या. त्याआधी 1993 च्या ऑगस्टमध्ये आपल्याच सूरसागर तलावात होडी उलटली होती. ती संध्याकाळ दांडिया बाजारातल्या माझ्या वयाच्या कुणालाही विसरता येणार नाही. दोन्ही वेळा होडीत माणसं जास्त होती. 'चालशे' (म्हणजे 'चालेल') या आपल्या लाडक्या गुजराती शब्दाची किंमत बडोद्यानं दोनदा मोजली. गुन्हेगारांचं काय व्हायचं ते न्यायालय बघेल. मला त्या पत्रकातल्या ओळीबद्दल लिहायचं आहे.

होडीत बसणं आणि होडी चालवणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हरणीची मुलं होडीत प्रवासी होती. होडी कशी डुलते, कुठे बसलं की कलते, कललीच तर काय धरायचं, यातलं काही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. इंजिन लावलेल्या होडीत प्रवाशाला ते कधीच कळत नाही. ते कळतं कनूत, म्हणजे हातानं वल्हवायच्या छोट्या, अरुंद होडीत.

हे वाक्य मी फुशारकीनं लिहीत नाही. छप्पन्न वर्षांचा होईपर्यंत मला कनू आणि कयाक यातला फरकही माहीत नव्हता. भोपाळला भाच्याकडे गेलो असताना त्यानं तिथल्या तलावावर नेलं. कनूत गुडघ्यावर बसतात आणि वल्ह्याला एकच पातं असतं. कयाकमध्ये पाय पसरून बसतात आणि पाती दोन्ही टोकांना. एवढं सांगून प्रशिक्षकानं मला लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे आवळले, खांद्याला धरून जॅकेट वर ओढून पाहिलं (सैल असेल तर पाण्यात ते नाकावर येतं आणि माणूस खाली राहतो), कमरेएवढ्या पाण्यात नेलं आणि म्हणाला, "आता उलटवा." मी म्हटलं, "अहो, अजून चालवलीच नाही." म्हणाला, "म्हणूनच."

लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचो, त्याची आठवण झाली. कुस्तीत पहिल्यांदा पडायलाच शिकवतात.

उलटलो. पाणी नाकात गेलं, चष्मा दोरीला होता म्हणून वाचला. पण दोन गोष्टी अंगात भिनल्या. एक, चांगली कनू पाण्यानं भरली तरी बुडत नाही, कारण तिच्या टोकांत हवेचे कप्पे किंवा फोम असतो. म्हणून काठ कितीही जवळ दिसला तरी तिला सोडून पोहत सुटायचं नाही, तिलाच धरून राहायचं. दोन, मदतीला दुसरी होडी आडवी येते, उलटलेलीचं टोक स्वतःवर ओढून घेते, आतलं पाणी सांडतं आणि मग ती सुलटी करून परत पाण्यात सोडतात. दोन-तीन मिनिटांचं काम. ते दोन-चारदा करून पाहिलेल्या मुलाची पाण्याकडे बघायची नजरच बदलते.

सरळ जाणं मात्र मला दोन दिवस जमलं नाही. उजवीकडे वल्हं मारलं की होडीचं नाक डावीकडे वळतं. फटका संपता संपता मनगट असं फिरवायचं की अंगठा खाली जातो आणि पातं पाणी बाहेर लोटतं. मग होडी पुन्हा रेघेवर येते. सांगायला एक वाक्य, हाताला कळायला शंभर फटके.

ऑगस्ट 2024 च्या पुरात हे मला फार आठवलं. विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली होती आणि आमच्या नातेवाइकांच्या सोसायटीत छातीइतकं पाणी होतं. कुठूनशी पत्र्याची होडी आली. दोन धडधाकट तरुण फळ्यांनी वल्हवत होते, दोघंही एकाच बाजूनं, आणि होडी जागच्या जागी गरगरत होती. गच्चीवरून लोक सूचना देत होते, त्यात मीही. शेवटी वॉचमन मागे जाऊन बसला. महीकाठच्या गावचा माणूस. त्यानं एक बांबू घेतला आणि होडी मुकाट्यानं नाक्यावरच्या दुधापर्यंत गेली. दर काही वर्षांनी पुरात बुडणाऱ्या शहरात एवढं येणारी चार पोरं प्रत्येक गल्लीत नकोत का?

आता कुणी उत्साहानं विश्वामित्रीचं नाव काढील, म्हणून आधीच सांगतो, ते घर मगरींचं आहे, तिथे आपलं काम नाही. आजवा जलाशयातही मगरी आहेत, शिवाय ते शहराच्या पिण्याचं पाणी. मला तलावसुद्धा लगेच नको. लालबागचा आणि सरदार बागेचा, असे महापालिकेचे तरण तलाव आपल्याकडे आहेतच. त्यातल्या एकात आठवड्यातून एक दुपार, दोन कनू, आठ मुलं, मापाची जॅकेटं, काठावर फेकायची दोरी घेतलेला एक माणूस. पहिला महिना फक्त उलटणं, धरून राहणं, पाणी काढणं. सूरसागराचं नंतर बघू.

याला पदकांची स्वप्नं जोडायची घाई नको, तरी एक सांगावंसं वाटतं. ग्वाल्हेरच्या दिव्यांग कनूपटू प्राची यादव भोपाळच्या तलावात सराव करून टोकियो पॅरालिम्पिकला गेल्या आणि ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकलं. पायांत बळ नसतानाही होडी चालवता येते, हे आमच्या पिढीला कुणी सांगितलं नव्हतं.

महापालिकेच्या संबंधितांनी हे पत्र वाचलं आणि कुणी बोलावलं, तर उलटून दाखवायला मी येईन. वय एकसष्ट, चष्म्याला दोरी आहे. नातवाला अजून काही बोललो नाही. आधी सूनबाईंना विचारावं लागेल.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन
दांडिया बाजार, बडोदे