ताकाने वजन उतरतं हे कुणी सांगितलं?

मा. संपादक,

तुमच्या पुरवणीतला दही-ताकावरचा लेख वाचला, चांगला होता, पण वरती 'आंबवलेलं खा, वजन उतरवा' एवढं मोठं हेडिंग बघून आमच्या ह्यांनी दुसऱ्या दिवसापासून सकाळचं चालणंच बंद केलं आणि तांब्याभर ताक घेऊन बसायला लागले, म्हणून हे पत्र.

लेखात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं संशोधन आहे ना, २०२१ चं, ते ३६ निरोगी माणसांवर केलेलं. १० आठवडे एका गटाला दही, केफिर (आंबवलेलं दूध), किमची (आंबवलेल्या भाज्या) वगैरे, दुसऱ्याला फायबरवालं जेवण. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली, रक्तातली सूज दाखवणारी १९ प्रोटीन्स कमी झाली. हे काही कमी नाही, कारण लठ्ठपणा आणि डायबेटिसमध्ये अशी आतली बारीक सूज असतेच. पण वजन उतरतं असं ते संशोधन म्हणतच नाही, ते तुमच्या हेडिंगने म्हटलं!

जपानमध्ये मात्र २०१० साली ८७ जणांवरच्या प्रयोगात पोटाची चरबी थोडी, साधारण साडेचार टक्के, कमी झालेली दिसली, पण त्यांना प्यायला दिलेलं दूध लॅक्टोबॅसिलस गॅसेरी नावाच्या जिवाणूच्या एका ठरावीक जातीने आंबवलेलं होतं, आणि नंतरच्या प्रयोगात पिणं थांबवल्यावर फायदा ओसरायला लागला. आपल्या घरच्या विरजणात कुठले जिवाणू आहेत ते कोण मोजतंय? अमेरिकेत मार्च २०२४ पासून योगर्टच्या डब्यावर 'आठवड्याला निदान २ कप खाल्ल्यास टाइप २ डायबेटिसचा धोका कमी होऊ शकतो' असं लिहायला परवानगी आहे, पण पुरावा मर्यादित आहे हेही सोबत छापावं लागतं.

आणि हो, लेखात इडली, ढोकळा, आंबोळी सगळं प्रोबायोटिक (म्हणजे पोटाला चांगले जिवंत जिवाणू असलेलं) म्हणून एकाच पंगतीला बसवलंय. अहो वाफेवर नि तव्यावर ते जिवाणू मरतात की! कढीचंही तेच. पीठ आंबून पचायला हलकं होतं ते खरं, पण सहा इडल्या खाल्ल्या तर शुगर वाढणारच. श्रीखंडाचं तर बोलूच नका, आमच्याकडे चक्क्याला जवळजवळ तेवढीच साखर पडते.

दही-ताक आम्ही सोडणार नाही, बिनसाखरेचं रोज जेवणात असतंच. फक्त हेडिंगची दुरुस्ती तेवढी छापा, ह्यांनी ते कात्रण फ्रिजवर चिकटवलंय आणि माझं कुणी ऐकत नाही.

– एक वाचक, मिरज